मोजणी

समुद्र इथून दिसत नाही.
कणकुंबीच्या सड्यावरून पश्चिमेला
डोंगर, त्यामागे डोंगर,
आणि शेवटी एक पांढुरकी रेघ,
जिला ओमाण्णा गुरव दर्या म्हणतो
आणि मी धुकं.
नऊ वर्षं झाली, वाद मिटलेला नाही.

उद्यमबागेत छत्तीस वर्षं मी
बोल्ट मोजले, नट मोजले, मोजून नापास केले.
निवृत्तीला शाल-नारळ दिला त्यांनी;
हातात धरून मोजायचं यंत्र मात्र
मीच खिशात घालून आणलं.
तोच अंगठा, तीच टिकटिक.
आता नोव्हेंबरात ते ससाण्यांवर चालतं.

अमूर नदीवरून येतात, असं पुस्तक म्हणतं.
ओमाण्णाच्या हिशेबी परवाडकडून येतात,
कारण त्याला ते तिकडून दिसतात.
पारव्याहून लहान जीव.
पाय शेंदरी, जणू आत्ताच
एखाद्या देवळाच्या पायरीवरून उठलेत.

खाली खाचरात यल्लूबाई सुपानं भात उफणते.
फोल पश्चिमेला उडतं.
‘मतलई लागला,’ ओमाण्णा म्हणतो.
मी फोनवर हवामान बघत बसतो,
त्याला फोल पुरतं.

हेस्कॉमच्या तारेवर आज एकशे अडतीस.
मधूनच एक सुटतो,
हवेतच चतुर धरतो, हवेतच पंख खुडतो.
पंख गिरक्या घेत खाली येतात,
माझ्या रजिस्टरवर बसतात, अभ्रकाचे तुकडे.
‘चतुरबी तिकडंच निघाल्यात,
शिदोरीलाच पंख फुटल्यात बघा.’

पणजीची बस थांबते.
कंडक्टर खिडकीतून: ‘एन नोडाकत्तीरी?’
‘हक्की,’ ओमाण्णा म्हणतो, बोट वर.
अख्खी बस डाव्या बाजूला कलते.
घाट लागलेला एक पोरगा
ओकायचं विसरून आभाळाकडे बघतो.
मग डबल बेल.

साडेचारला, काहीच न घडता,
तार रिकामी होते.
लेथवरून सुटणाऱ्या किसासारखे
वळसे घेत ते वर जातात.
सत्तर. नव्वद. अंगठा मागे पडतो, पुन्हा गाठतो.
एकशे सदतीस.
परत मोजता येत नाही.
बोल्ट बिचारे थांबून राहायचे.

तीन दिवस, तीन रात्री खाली पाणी,
टेकायला खांब नाही.
मला स्कूटरवरून बेळगाव गाठायला पावणेदोन तास,
त्यातही जांबोटीला चहा,
आणि तरी कंबर धरते.

सकाळी ओमाण्णाचा फोन.
‘एक ऱ्हायलाय बघा हितंच. तारेवर.’
‘जखमी आहे?’
‘तसं दिसत न्हाई. खातोय चांगला.
खरं, जाईना झालाय.’

मंगळवारी होता. बुधवारी होता.
गुरुवारी फोन उचलून तो नुसतं ‘हाय’ म्हणाला.
रविवारी मी गेलो तेव्हा तार होती,
तारेखाली पांढरे शिंतोडे,
चतुरांचे पंख, जांभ्याच्या भेगेत अडकलेले.
‘काल म्हस धुऊन आलो, तवा नव्हता.’
कुठं गेला?
‘तेवढं बघितलं न्हाई.’

रजिस्टरात दोनच रकाने: आले, गेले.
कारखान्यात एक कमी भरला तर
मी अख्खी पेटी उपडी करायचो,
शिफ्ट संपली तरी,
टॉर्च घेऊन मशिनखाली.

‘लिवा की गेला म्हणून,’ ओमाण्णा म्हणाला,
‘कोण इचारतंय?’

मी पेनाचं टोपण काढलं. परत लावलं.
पश्चिमेला त्याचा दर्या, माझं धुकं
उन्हात पत्र्यासारखं तापत होतं.
मग वहीत नाही, नुसतं यंत्रावर
एकदा अंगठा दाबला.

टिक ऐकून
म्हशीमागे चाललेला ओमाण्णा वळला:
‘कोण आलं?’